महिनाभर आधी वाढलेलं ताट

दोस्त, एक कोडं घालू? वाटीभर पाणी घ्यायचं. त्यात मूठभर पांढरे दाणे टाकून ढवळायचं. बर्फ नाही, फ्रीज नाही, तरी वाटी गारेगार! ओळख पाहू, कसले दाणे?

दिसतात साबुदाण्यासारखे. पण खिचडी करायला जाऊ नकोस हं! तो आहे युरिया, शेतात टाकायचं खत. विरघळताना तो पाण्यातली ऊब ओढून घेतो. (करून बघायचं तर घरातलं मोठं माणूस सोबत हवं, आणि नंतर साबणानं हात धुवायचे!)

100 किलो युरियात 46 किलो नायट्रोजन असतो. गव्हाला तो फार आवडतो. त्यातूनच गहू आपल्या पोळीतली प्रथिनं तयार करतो.

पण गंमत ऐक. शेतात टाकलेला निम्मा नायट्रोजनसुद्धा पुष्कळदा गव्हाच्या पोटात जात नाही! मग जातो कुठं?

शोधायला चल, थेट मेक्सिकोला! तिथं सोनोरा राज्यात याकी नावाचं खोरं आहे. पाऊस जेमतेम, गहू सगळा कालव्याच्या पाण्यावर. तुला हे खोरं परकं वाटेल, पण तसं नाही बरं! शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी याच खोऱ्यात बुटक्या गव्हावर काम केलं आणि 1960 नंतरच्या वर्षांत ते बियाणं भारतात आलं. त्यातल्या एका वाणाचं नावच होतं ‘सोनोरा 64’!

तर 1990 नंतरच्या वर्षांत या खोऱ्यातले शेतकरी काय करायचे? पेरणीच्या महिनाभर आधी बरंचसं खत टाकायचे आणि वर पाणी सोडायचे. गहू कुठं होता? अजून पोत्यातच!

म्हणजे पाहुणे येणार पुढच्या महिन्यात, आणि आईनं ताटं वाढली आज! मुंग्या सोडतील होय?

शेतातल्या मुंग्या म्हणजे जिवाणू. इतके बारीक, की डोळ्यांना दिसतच नाहीत. ते युरियाचा अमोनिया करतात. गोठ्यात नाकाला झोंबतो ना, तोच! खत मातीवर उघडं राहिलं, तर त्यातला थोडा तिथूनच उडून जातो. उरलेल्याचं दुसरे जिवाणू नायट्रेट करतात. नायट्रेट म्हणजे नायट्रोजनचा एक अणू आणि त्याला चिकटलेले ऑक्सिजनचे तीन.

आता खरी धमाल! पाणी सोडलं की मातीतली भोकं भरून जातात. हवा संपते. जिवाणू गुदमरले? छे! वर्गात कसा, आपला डबा संपला की शेजारच्या डब्यावर हात मारणारा एक तरी असतोच! तसे काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन पळवतात. चक्क नायट्रेटवर श्वास घेतात!

शेंग फोडायची, दाणे गट्टम करायचे आणि टरफल टाकून द्यायचं, तसंच हे. इथं टरफल म्हणजे नायट्रोजन. टिळकांच्या गोष्टीतली टरफलं निदान वर्गात पडून होती. ही तर वायू होऊन भुर्रकन उडतात! त्यातला एक वायू कुठला, माहितेय? दाताचे डॉक्टर हुंगायला देतात, तो लाफिंग गॅस! पण हसू नकोस. पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट तिखट आहे.

काही नायट्रेट पाण्याबरोबर वाहत समुद्रात पोचतं. तिथं बारीक शेवाळाची मेजवानीच! याकीत पाणी सोडलं की काही दिवसांतच जवळचा समुद्र हिरवट होतो. उपग्रहांच्या फोटोंतसुद्धा तो दिसला!

मग शास्त्रज्ञांनी तिथं एक प्रयोग केला. शेतकऱ्यांच्या हेक्टरी 250 किलो नायट्रोजनऐवजी 180 किलोच दिला. थोडा पेरताना, जास्त नंतरच्या पाण्याबरोबर, म्हणजे पाहुणे पानावर बसल्यावर! 1998 मध्ये त्यांनी निकाल सांगितला. हवेत उडणारे वायू खूपच कमी झाले.

आणि गहू? तेवढाच पिकला! 70 किलो कमी वाढलं, हे त्या पाहुण्याच्या गावीही नव्हतं!