दया नको, ऑर्डर द्या!

मार्च २०२२. वर्क फ्रॉम होम संपून ऑफिस नुकतंच सुरू झालं होतं. लंच टाइम. डब्यातली भेंडी गार होतेय आणि आमची अख्खी गँग मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेली. रशियाने २४ फेब्रुवारीला युक्रेनवर हल्ला केला, तेव्हापासून रोज हेच. तेवढ्यात टीममधल्या एकीने जाहीर केलं, ‘मी कीव्हमध्ये फ्लॅट बुक केलाय. दोन रात्री.’

जायचं नव्हतंच! ‘एअरबीएनबी’वर बुकिंग करायचं, पैसे थेट घरमालकाला. फंडा भन्नाट होता. २ आणि ३ मार्च या दोनच दिवसांत जगभरातल्या लोकांनी युक्रेनमधल्या ६१ हजारांहून जास्त रात्री बुक केल्या. कंपनीनेही तिथल्या बुकिंगवरची आपली फी सोडून दिली.

मी मात्र ‘एट्सी’वर गेले. हातानं केलेल्या वस्तूंचा हा ऑनलाइन बाजार. युक्रेनमधल्या विक्रेत्यांकडची जवळजवळ ४० लाख डॉलर्सची थकबाकी या कंपनीने तेव्हा माफ केली होती. पण दुकानदार स्वतःच तळघरात असेल, तर पार्सल पाठवणार कोण? म्हणून लोक ‘डिजिटल डाउनलोड’ घेत होते. विणकामाचे नमुने, पोस्टर्स, शिवणाचे पॅटर्न. पैसे भरले की फाइल आपोआप येते. मी लाल-काळ्या फुलांचा क्रॉस स्टिचचा पॅटर्न घेतला, किंमत कॉफी शॉपमधल्या एका कॉफीएवढी. फाइल फोल्डरमध्ये टाकली आणि विसरले. मनातून मात्र सॉलिड नोबल वगैरे वाटत होतं!

आठवड्याने दुकानवालीचा मेसेज आला. आभार मानले होते आणि पुढे विचारलं होतं, कापड कुठलं वापरताय? चार्ट वाचायला अडचण येत नाही ना? झालं की फोटो पाठवाल का?

माझी ट्यूब तेव्हा पेटली. सायरन वाजत असतानाही ही बाई कस्टमर केअर करत होती. मी दान टाकलं होतं, ती दुकान चालवत होती.

मला सुईत दोरा ओवता येत नाही, त्यामुळे प्रिंटआउट आईकडे गेला. आईने चष्मा चढवला, मॅटीचं कापड काढलं आणि तिथेच अडली. चार्टवर ‘डीएमसी’चे नंबर, आईच्या डब्यात सगळे ‘अँकर’चे दोरे. मग नेटवरून दोन्ही नंबरांचा तक्ता शोधला. दोन महिने आमच्या हॉलमध्ये युक्रेन भरला जात होता. फोटो काढला, रिव्ह्यू लिहिला, पाच स्टार दिले. अनोळखी गिऱ्हाईक तेच बघून दुकानात शिरतं. माझ्या कॉफीच्या पैशांपेक्षा ते जास्त टिकतं.

पुढे काय झालं? आपलं जे होतं तेच. युक्रेन बातम्यांच्या पहिल्या पानावरून आत गेला आणि मीही दुसरीकडे वळले. खरी गरज होती ती नेमकी नंतर. ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने वीजकेंद्रांवर हल्ले चढवले. वीज नाही तर शिलाई मशीन बंद, मातीची भांडी भाजायची विजेची भट्टी बंद. वीज येईल तेव्हा कामाला बसायचं. युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद झालेलं, त्यामुळे पार्सल आधी रस्त्याने पोलंडसारख्या शेजारी देशात आणि मग विमानात. पोस्ट चालू होतं हेच कौतुक. अशा वेळी ‘चार आठवडे झाले, अजून नाही आलं’ म्हणून एक स्टार देणाऱ्या महाभागांना काय म्हणावं!

पुढच्या वर्षी लाजत लाजत परत ऑर्डर दिली. या वेळी खरी वस्तू, पेत्रिकिव्का पद्धतीने रंगवलेली लाकडी डबी. पेत्रिकिव्का हे निप्रो शहराजवळचं गाव. तिथली फुलापानांची ही चित्रकला २०१३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. बारीक रेघांसाठी तिथले कलाकार मांजराच्या केसांचा ब्रश वापरतात. पेन्सिलने आधी आखणं नाही, थेट हात चालवायचा. आपली रांगोळी घालणारी एखादी मावशी तिथे सहज खपून जाईल!

तुम्हालाही घ्यायचं असेल, तर थोडी खबरदारी. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचं इंटरनॅशनल ट्रान्झॅक्शन आधी ऑन करा. दुकानाचं ठिकाण युक्रेन आहे ना आणि २०२२च्या आधीचे रिव्ह्यू आहेत का, ते बघा. निळ्या-पिवळ्या झेंड्याचे टी-शर्ट कुठूनही विकता येतात. घाई असेल तर डाउनलोडच घ्या. पार्सल मागवलंत तर वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात नको, चांगले दोन महिने हातात ठेवा.

डबी पोस्टमनने सहा आठवड्यांनी आणून दिली. आईचं लक्ष मात्र पॅटर्नवालीच्या दुकानाकडेच. तिने दुसरा पॅटर्न निवडलाय, माझ्याकडून मेसेज करून घेतला, ‘काळा दोरा संपलाय, त्याऐवजी गडद मरून चालेल का?’ दुसऱ्या दिवशी उत्तर हजर. अजिबात चालणार नाही, या नक्षीत काळाच हवा.

आई जरा फुरंगटली. मग शनिवारी जाऊन काळ्या दोऱ्याच्या चार लडी घेऊन आली.