गारगोटीला कळणारी हवा

जर्मनीतल्या ल्युबेक शहरात, सेंट याकोबी चर्चमध्ये, स्टेलवागेन ऑर्गन आहे. त्यातल्या काही नळ्या पंधराव्या शतकातल्या, मुख्यतः शिशाच्या. शतकानुशतकं सूर देऊन झाल्यावर त्या पायथ्याशी गंजू लागल्या, शिशाची पांढरी भुकटी होऊ लागली. कारण ऑर्गनच्याच पोटात होतं. नळ्यांना वारा पुरवणाऱ्या पेटीचं ओक लाकूड हवेत ॲसेटिक आम्ल सोडतं, आपल्या व्हिनेगरमधलंच. ते शिशाला खातं, मग हवेतला कार्बन डायऑक्साइड त्या शिशाचं कार्बोनेट करतो आणि आम्ल मोकळं होऊन पुढच्या शिशाकडे वळतं!

इतकं विरळ आम्ल नाकाला कळेलच असं नाही. गारगोटीला कळतं.

गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. तिच्यावर दाब दिला की वीज उमटते, हे ज्याक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. उलट, वीज दिली की ती थरथरते. आपल्या मनगटावरच्या घड्याळात सेकंदाला ३२,७६८ वेळा, तर संवेदकातली गारगोटीची पातळ चकती तब्बल ५० लाख वेळा. चकतीवर वजन चढलं की कंपनं त्या प्रमाणात मंदावतात, हे १९५९ मध्ये गुंटर झाऊअरब्राय यांनी मांडलं. चौरस सेंटिमीटरवर सुमारे १८ नॅनोग्रॅम बसले, तर सेकंदाला एक कंपन कमी. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. ५० लाखांतलं ते एक कंपन मोजता येतं!

पण खरी कमाल पुढेच आहे. चकतीवर शिशाचा पातळ थर देऊन ती ऑर्गनमध्ये ठेवली गेली. थर गंजू लागला की वजन वाढतं, थरथर मंदावते. चित्रांभोवतीची हवा तपासण्यासाठी युरोपातल्या संशोधकांनी चकतीवर अंड्यात कालवलेला रंग लावला, मस्तकीच्या राळेचं व्हार्निशही लावलं. म्हणजे चित्राचीच कातडी तिच्या अंगावर! हवेत कुठला वायू किती, हे साधी यंत्रंही सांगतात. या हवेत चित्राला काय सोसावं लागतंय, हे चकती स्वतः सोसून सांगते. इतकं मायेचं दुसरं यंत्र मला माहीत नाही.

देवघरातलं चांदीचं निरांजन काळं पडतं ते हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे. काही संग्रहालयांत असे वायू टिपायला चांदीचा थर दिलेली चकती ठेवतात. चांदीवरचा काळपटपणा डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी तिची कंपनं घटलेली असतात.