काबर, साळुंकी आणि अमेरिकेतील ग्रॅकल

सुरतच्या बमरोली, पांडेसरा, उधना या भागांत मराठी घरांतून साळुंकी आणि गुजराती शेजाऱ्यांकडून काबर अशी दोन नावे कानी पडत असल्यामुळे हे पक्षी वेगळे असावेत असा समज होतो. वस्तुतः तपकिरी अंगाचा, डोळ्यामागे पिवळी कातडी असलेला हा एकच पक्षी असून त्याचे शास्त्रीय नाव ॲक्रिडोथेरिस ट्रिस्टिस, म्हणजे टोळांची शिकार करणाऱ्या प्रजातीतील एक जाती, असे आहे. उलट, गुजरातीत जिला घोडाकाबर म्हणतात ती मात्र खरोखरच निराळी जाती आहे. तिचे अंग निळसर राखाडी, डोळ्याभोवतीची कातडी विटकरी तांबडी असते, आणि साळुंकी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात घरटे करते, तर ही नदीकाठच्या मातीच्या कड्यात स्वतः बिळे कोरून वसाहतीने राहते. पक्षिशास्त्रज्ञ लॅथम याने 1790 मध्ये तिला दिलेले जिंजियानस हे नाव तमिळनाडूतील जिंजी गावावरून आले आहे, हा विनोदच म्हणावा, कारण ती मूळची उत्तर भारतातील पक्षीण.

ग्रॅकल म्हणजे अमेरिकेतील साळुंकी, हा समजही नावातूनच उद्भवला. लिनियसने 1758 मध्ये साळुंकीच्या नात्यातल्या बोलक्या डोंगरी मैनेला आणि अमेरिकेतील सामान्य ग्रॅकलला एकाच ग्रॅक्युला प्रजातीत घातले, आणि ब्रिटिश काळातील पक्षिग्रंथांतही डोंगरी मैनेला ग्रॅकल म्हटलेले आढळते. आज मात्र साळुंकी स्टर्निडी कुळात, तर ग्रॅकल इक्टेरिडी या केवळ अमेरिका खंडांतील कुळात गणला जातो. दोन्ही कुळांतील अनेक पक्षी मिटलेली चोच जमिनीत खुपसून ती आतल्या आत उघडतात व किडे हुडकतात, संध्याकाळी मोठ्या थव्यांनी एकत्र मुक्कामाला येतात आणि माणसाच्या खरकट्यावरही गुजराण करतात. हे साम्य रक्ताच्या नात्याचे नसून सारख्या राहणीतून स्वतंत्रपणे आलेले आहे. घरट्यांत फरक लगेच दिसतो, कारण ग्रॅकल ढोली क्वचितच वापरतो आणि बहुधा फांद्यांत काड्या-गवताचे उघडे, वाटीसारखे घरटे विणतो.

ग्रॅकल काळाकुट्ट असतो हेही अर्धसत्य आहे; उन्हात त्याच्या पिसांवर जांभळी, निळी आणि कांस्यवर्णी झळाळी उमटते. मक्याच्या शेतांवर उतरणारे त्याचे प्रचंड थवे पाहून त्याची संख्या अमर्याद मानली जाते, परंतु 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने सामान्य ग्रॅकलला संकटसमीप वर्गात नोंदवले, तर साळुंकीचे नाव त्याच संघाच्या जगातील शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आहे.