चौघांचं विमान: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीच्या सड्यावर विमानतळ सुरू झाला आणि मालवण-वेंगुर्ल्याकडे विमान हा घरगुती बोलण्याचा विषय झाला. बोलणं अर्थात मुंबईच्या फेरीचं आणि तिकिटाचं. पण विमानाची एक वेगळी दुनिया आहे: दोन किंवा चार आसनांचं, एका इंजिनाचं छोटं विमान मित्रांनी मिळून केवळ आनंदासाठी उडवायचं. तिच्याविषयी आपल्याकडे माहितीपेक्षा ऐकीव समजच जास्त आहेत.

पहिला समज म्हणजे, हा खेळ ज्यांच्या दारात स्वतःचं विमान उभं आहे त्यांचाच. छंद महाग आहे, हे खरं. पण विमान विकत घ्यावं लागत नाही. विमान क्लबचं असतं आणि सभासद उड्डाणाच्या तासांचे पैसे मोजतो. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ पासून हेच करत आला. त्याचं प्रशिक्षण धुळ्यात चालतं. बारामतीतही विमान शिकता येतं. आणि जिद्दीचं उदाहरण हवं असेल, तर कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६ मध्ये ते मुंबईकरांनी पाहिलं, २०१९ मध्ये त्याला उड्डाणाची परवानगी मिळाली.

दुसरा समज शिक्षणाचा. ‘सायन्स हवं, चष्मा नको.’ व्यावसायिक वैमानिकाला बारावीचं भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. खासगी वैमानिक परवान्याला मात्र दहावी उत्तीर्ण, वय किमान १७, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि ४० तासांचं उड्डाण एवढं पुरतं. चष्म्याने दृष्टी नीट होत असेल तर चष्मा आड येत नाही. वरच्या वयाचं म्हणाल, तर जे. आर. डी. टाटांनी १९३२ ची आपली कराची-मुंबई टपालफेरी १९८२ मध्ये पुन्हा उडवली, तेव्हा ते ७८ वर्षांचे होते.

सर्वांत खोलवर बसलेली भीती म्हणजे इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं कोसळणार. तसं होत नाही. विमानाला उचलून धरतात ते पंख. इंजिन फक्त पुढे ढकलतं. इंजिन थांबलं की वैमानिक नाक थोडं खाली घेऊन वेग राखतो आणि विमान तरंगत उतरू लागतं. सेस्ना १७२ हे जगभर शिकवणीला वापरलं जाणारं चार आसनी विमान एक किलोमीटर उंचीवरून, वारा नसेल तर, साधारण नऊ किलोमीटर अंतर कापू शकतं. तेवढ्यात मोकळी जागा निवडायची, हे प्रत्येक शिकाऊ वैमानिकाकडून घोटून घेतात. पुण्यात हडपसरला तर १९५० पासून ग्लायडिंग केंद्र आहे. ग्लायडरला इंजिनच नसतं. धोका मुळीच नाही असं मात्र कुणी सांगू नये. छोट्या विमानांचा घात अनेकदा यंत्रापेक्षा निर्णयाने होतो: ढग खाली उतरलेत, तरी घरी पोचायची घाई.

हवेतल्या हिसक्यांना आपण ‘हवेचा खड्डा’ म्हणतो. हवेत खड्डा नसतो, वरखाली जाणारे प्रवाह असतात. कोकणात ते समजणं सोपं आहे. दुपारी जांभ्याचा सडा तापतो, त्यावरची हवा वर उठते आणि विमान उसळतं. समुद्रावर आलं की बहुधा शांत होतं. म्हणून हौशी वैमानिक सकाळ पसंत करतात, मतलई वारे ओसरलेले आणि खारे वारे अजून सुटायचे असतात तेव्हा. पावसाळ्यात इथे नजरेच्या भरवशावरचं उड्डाण जवळपास विसरायचंच.

‘आता चिपीला धावपट्टी आहेच, मनात आलं की उडावं’ हेही चूक. ती २,५०० मीटरची आहे आणि छोट्या विमानाला तिचा लहानसा तुकडाही पुरेल. पण आधी उड्डाण आराखडा, हवाई संरक्षणाची मंजुरी आणि नियंत्रण कक्षाचा होकार हवा. शिवाय खासगी परवान्यावर प्रवाशांकडून मोबदला घेता येत नाही. मित्र न्यायचे ते मित्र म्हणूनच.

आणि ते नुसते बसून राहत नाहीत. निघण्याआधीच हिशेब असतो: चार मोठी माणसं आणि भरलेली टाकी हे ओझं सेस्ना १७२ ला सहसा झेपत नाही. इंधन कमी करायचं की एकाने मागे राहायचं, हे मिळून ठरतं. वर गेल्यावर एक जण नकाशा धरतो, दुसरा घारींवर आणि इतर विमानांवर नजर ठेवतो. मग देवबागची ती चिंचोळी पट्टी, एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र, एका नजरेत मावते. कुरटे बेटाला वेढून असलेला सिंधुदुर्गाचा नागमोडी तट पूर्ण दिसतो. रापणीचं जाळं पाण्यात कसं अर्धगोल पडतं, तेही वरूनच कळतं. हे बघताना शेजारी आपलं माणूस असावं, यातच या छंदाचं सुख आहे असं मला वाटतं.

ही सोबत प्रतिस्पर्ध्यांमध्येही असते. १९३० मध्ये भारत आणि इंग्लंडदरम्यान एकट्याने विमान नेण्याच्या आगाखान पारितोषिकासाठी जे. आर. डी. आणि १७ वर्षांचे अस्पी इंजिनिअर विरुद्ध दिशांनी निघाले होते. इजिप्तमध्ये अबुकिरला दोघांची गाठ पडली. अस्पींचं विमान स्पार्क प्लगपायी अडकलं होतं, जे. आर. डीं.नी आपल्याकडचे प्लग दिले. पारितोषिक अस्पींनी जिंकलं आणि पुढे ते भारताचे हवाई दलप्रमुख झाले.

घरात कुणी दहावी झालेलं असेल आणि चिपीवर उतरणाऱ्या विमानाकडे टक लावून बघत असेल, तर त्याला किंवा तिला हसण्यावारी नेऊ नका. फक्त क्लबात पैसे भरण्याआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी करून घ्या. पुढचं सगळं त्या तपासणीवर अवलंबून आहे.