अंडे जपण्याची नोकरी

आखातातली नोकरी म्हटली की आम्हा चंदगडकरांच्या डोळ्यांपुढे बांधकाम नाहीतर ड्रायव्हरकी येते. पण अबुधाबीत पक्षी वाढवण्याचीही नोकरी असते. तिथल्या प्रजनन केंद्रांत हुबारा पक्षी वाढवतात. आपल्या माळढोकाचा हा धाकटा भाऊबंद ससाण्यांकरवी होणाऱ्या शिकारीमुळे घटला होता. तिथले काम बाळंतिणीच्या खोलीतल्यासारखे. उबवणी यंत्रातले अंडे फिरते ठेवायचे, त्याचे वजन पाहायचे, पिल्लाला हाताने भरवायचे.

भारतीय तज्ज्ञ तिथून कृत्रिम रेतनाचे तंत्र शिकून आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात या तंत्राने माळढोकाचे पहिले पिल्लू जन्मले. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. म्हणून एकेका अंड्याचे मोल.

पण वाढवलेला पक्षी सोडायचा कुठे? सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. आज तिथे त्याचे दर्शन दुर्मीळ आहे. माळ नांगरले गेले, वर विजेच्या तारा आल्या. समोरची तार या पक्ष्याला वेळेत दिसत नाही.

मी कवी, शब्दांत रमणारा. माळाला आपण ‘पडीक’ म्हणतो, तो शब्द मला खुपतो. त्या पडीक जमिनीवरच माळढोकाचे घर असते.