आवाज पुढे की चित्र मागे? टीव्हीवरच्या ओठांच्या तक्रारीतलं कमाईचं काम



या आठवड्याच्या व्हिडिओत मी स्टिकचे मेनू एकेक करून दाखवले. पण मेनू कोणीही दाखवतो. ग्राहकाच्या घरी गेल्यावर आधी काय बघायचं, पैसे कधी घ्यायचे आणि कुठे गप्प बसायचं, हे व्हिडिओत राहून गेलं. ते इथे लिहितोय. ज्यांना टीव्ही-साउंडबार जोडणीचं, होम सर्व्हिसचं छोटं काम सुरू करायचं आहे, त्यांनी चहा घेऊन बसा.

तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते. "भाऊ, आवाज आधी येते अन् तोंड मागून हालते." किंवा याच्या उलट. दुकानात बसून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की सुरुवातीची दोन वर्षं त्याचे दोन अर्थ होतात हेच लक्षात आलं नव्हतं. आवाज आधी येणं आणि आवाज उशिरा येणं, हे दोन वेगळे आजार आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर आजार वाढतो. आणि बाजारात बहुतेक मुलं हेच करतात. मीही केलं. त्याची किंमत सांगतो.

त्रिमूर्तीनगरमधले एक निवृत्त शिक्षक, आमचे जुने ग्राहक. दिवाळीच्या आधी त्यांनी माझ्याकडून १४,५०० रुपयांचा साउंडबार घेतला. टीव्ही भिंतीला चिकटून लावलेला, मागे हात जात नव्हता. माझ्या पोराने वायर टाकायचा कंटाळा केला आणि बार ब्लूटूथने जोडून दिला. आवाज आला, काका खूश, आम्ही पण खूश. दिवाळी झाल्यावर फोन आला, की बातम्या वाचणारी बाई बोलून थांबते आणि शब्द नंतर येतात.

पोरगा गेला. साउंडबारच्या रिमोटवर सिंकचं बटण दिसलं म्हणून त्याने ते वाढवलं. आणखी बिघडलं. दुसऱ्यांदा गेला तेव्हा नवी एचडीएमआय केबल विकून आला. तिसऱ्यांदा मी फोनवरच सांगितलं, "काका, कंपनीचा पीस खराब असेल, आणून द्या." काकांनी आणून दिला, पूर्ण पैसे परत घेतले आणि दुसरीकडून दुसरा बार घेतला.

परत आलेला पीस मी काउंटरवर वायरने लावला. ओठ आणि शब्द अगदी जुळलेले! पीसमध्ये काहीच खोट नव्हती. तो उघडलेला डबा शेवटी मी ११,००० ला विकला.

आठवडाभराने काकांचा पुन्हा फोन आला. नव्या बारवर तीच तक्रार. या वेळी मी स्वतः गेलो. तेव्हा कळलं, की दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या नातवाने त्याच पोर्टला गेमचं मशीन लावलं होतं आणि टीव्हीवर गेम मोड चालू केला होता. नातू परत गेला, स्टिक पुन्हा त्या पोर्टला लागली, गेम मोड तसाच राहिला. नव्या बारची जोडणीही ब्लूटूथनेच केली होती.

आता यात काय होतं ते समजून घ्या, कारण सगळा धंदा इथेच आहे.

टीव्हीत चित्र आणि आवाज एका दारातून आत येतात, पण पुढे त्यांचे रस्ते वेगळे होतात. चित्रावर टीव्ही बरंच काम करतो. रंग सुधारतो, हालचाल गुळगुळीत करतो, लहान चित्र मोठं करतो. त्याला वेळ लागतो. आवाजावरही काम होतं, म्हणजे डॉल्बी उलगडणं, सराउंड तयार करणं, ब्लूटूथसाठी दाबून पाठवणं आणि बारमध्ये पुन्हा उलगडणं. साध्या ब्लूटूथला एवढ्यात सेकंदाचा एक-दोन दशांश भाग सहज जातो. टीव्ही स्वतःच्या स्पीकरसाठी दोन्ही रस्त्यांचा मेळ घालून घेतो. बाहेरचा बार लावला, की तो मेळ तुटू शकतो.

गेम मोड चित्रावरचं काम कमी करतो, म्हणजे चित्र लवकर पडद्यावर येतं. काकांकडे चित्र लवकर आणि ब्लूटूथमुळे आवाज उशिरा, असं दोन्हीकडून ताणलं गेलं होतं. त्यात माझ्या पोराने काय केलं? सिंकचं बटण वाढवलं. ते बटण जवळपास सगळीकडे एकच काम करतं, आवाजाला थांबवून ठेवतं. आधीच उशिरा येणाऱ्याला आपण आणखी दारात उभं केलं.

म्हणून पहिला प्रश्न एकच: उशीर कोणाला होतोय?

हे ओळखायला गाणं लावू नका, हाणामारीचा सिनेमाही नको. बातम्यांचा निवेदक जवळून दिसेल असं काही लावा आणि प, ब, म ही अक्षरं पकडा. या अक्षरांना ओठ मिटतातच. ओठ मिटायच्या आधी "ब" ऐकू आला तर आवाज पुढे आहे. ओठ उघडल्यावर आला तर आवाज मागे. मराठी बातम्यांत "मुंबई" शब्द दर मिनिटाला येतोच, दुसरी चाचणी लागत नाही. 😄 विनोदाचा कार्यक्रम, म्हणजे हास्यजत्रेसारखं काही, बघणारी माणसं ही तक्रार सगळ्यात आधी करतात. पंचचं टायमिंग गेलं तर त्यांच्यासाठी उरतं काय!

ग्राहक खरंच बारीक बघतो का, की उगाच त्रास देतो? याचं उत्तर आकड्यात आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची १९९८ ची शिफारस सांगते, की आवाज साधारण ४५ मिलिसेकंद आधी आला तरी माणसाला जाणवायला लागतं, पण उशिरा आलेला आवाज सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो. २५ फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, म्हणजे आवाज फक्त एका फ्रेमने पुढे गेला की कुरबुर सुरू.

हा फरक का? जामठ्याच्या स्टेडियममध्ये मॅच बघितली असेल तर आठवा. बॅटपासून १०० मीटरवर बसलं, की चेंडू लागलेला आधी दिसतो आणि टक् असा आवाज जवळपास ०.३ सेकंदाने येतो. आपल्या डोक्याला उशिरा येणाऱ्या आवाजाची सवय आहे. आवाज आधी आणि घटना नंतर, असं निसर्गात कधी होत नाही. त्यामुळे आवाज पुढे असलेल्या घरातली माणसं जास्त चिडलेली असतात. त्यांना "तुम्हाला भास होतोय" असं चुकूनही म्हणू नका.

आता घरी गेल्यावरचा क्रम. कशालाही हात लावायच्या आधी टीव्हीच्या आणि स्टिकच्या ऑडिओ सेटिंगचे मोबाईलवर फोटो काढा. मग आवाज बारवरून काढून टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर घ्या. जुळलं? मग स्टिक आणि ॲप दोघेही निर्दोष, भानगड टीव्ही आणि बारच्या मध्ये. टीव्हीच्या स्पीकरवरही जुळत नसेल तर दुसरं ॲप उघडा. दुसऱ्या ॲपवर ठीक असेल तर त्या ॲपचा किंवा त्याच एका कार्यक्रमाचा दोष, तिथे तुम्ही ॲप अपडेट करून द्यायचं आणि जास्त शहाणपणा करायचा नाही. सगळ्या ॲपवर गडबड, पण सेट-टॉप बॉक्सवर छान चालतंय? मग स्टिक बघायची. या तीन पायऱ्यांना दहा मिनिटं लागतात, आणि त्यात एक रुपयाचा माल विकावा लागत नाही.

आवाज पुढे असेल तर काम सोपं. त्याला थोडं थांबवायचं. सॅमसंगमध्ये साउंडच्या एक्स्पर्ट सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ऑडिओ डिले, एलजीत एव्ही सिंक ॲडजस्टमेंट, सोनीत ए/व्ही सिंक. फायर टीव्हीच्या स्टिकवर डिस्प्ले अँड साउंड्समध्ये ऑडिओ, त्यात एव्ही सिंक ट्यूनिंग. तिथे पडद्यावरची हालचाल आणि आवाज जुळवायचा असतो. ॲपल टीव्हीवर आयफोन जवळ धरून वायरलेस ऑडिओ सिंक करता येतं. फक्त एकाच ठिकाणी बदल करा. टीव्हीतही वाढवलं, बारमध्येही वाढवलं, तर पुढच्या वेळी तुम्हालाच कळणार नाही की कुठे काय केलं.

आवाज मागे असेल तर खरी कसोटी. डिलेचे सगळे आकडे शून्यावर आणा. ब्लूटूथ काढा आणि एआरसी लिहिलेल्या पोर्टमधून वायर टाका. भिंतीवरचा टीव्ही उतरवावा लागला तरी चालेल, त्याचे पैसे घ्या पण वायर टाकाच. टीव्ही आणि बार दोन्हींवर ईएआरसी असेल तर फारच छान. २०१७ च्या एचडीएमआय २.१ पासून आलेल्या या जोडणीत ओठ जुळवण्याची आपोआप सोय असणं बंधनकारक आहे. २००९ च्या साध्या एआरसीत तसं बंधन नव्हतं. तरीही उशीर राहिला तर डिजिटल ऑडिओ आउटपुट पीसीएम करून बघा. आवाज उलगडायचं काम कमी होतं, बऱ्याचदा फरक पडतो. पण सराउंड जाऊन साधा दोन बाजूंचा आवाज उरू शकतो, हे ग्राहकाला आधी सांगा. ज्याने मागचे स्पीकर लावायला पैसे मोजलेत, त्याचे मागचे स्पीकर गुपचूप बंद करून "झालं बघा काका" म्हणणं ही फसवणूक आहे. आणि गेम मोड बघायला विसरू नका. काकांकडे मी तो बंद केला, वायर टाकली, आणि चाळीस मिनिटांत बातम्यांमधल्या बाईंचे ओठ जागेवर आले.

काही घरांत वेगळीच गोष्ट असते. सुरुवातीला ठीक, पण अर्ध्या तासाने आवाज-चित्र घसरत जातं. कायम सारखा असणारा फरक बहुतेक सेटिंगचा असतो. वाढत जाणारा फरक स्टिकचा, ॲपचा किंवा नेटचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि स्टिक बिचारी भिंत आणि गरम टीव्हीच्या मध्ये दाबलेली. डब्यात एचडीएमआयचा छोटा एक्स्टेंडर आलेला असतो, लोक तो फेकून देतात. तो लावून स्टिक थोडी बाहेर आणा. पॉवर टीव्हीच्या यूएसबीतून घेतली असेल तर काढा. साध्या यूएसबी २.० पोर्टचं माप ५०० मिलिअँपिअर आहे, तर स्टिकसोबत येणारा ॲडॅप्टर त्याहून जास्त देतो. मग स्टिक पूर्ण रीस्टार्ट. रिमोटने झोपवणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे.

आणि एक तक्रार अशी, की जिच्यासाठी घरी जायचंच नाही. मानेवाड्याहून एका काकूंचा फोन, सिनेमात कोणाचेच ओठ जुळत नाहीत. कोणता सिनेमा? दक्षिणेतला, हिंदीत. अहो काकू, तो डब केलेला आहे, नट तेलुगू बोलतोय! मी फोनवरच भाषा बदलून मूळ आवाज लावायला लावला, ओठ जुळले, मग त्यांनीच परत हिंदी केलं. पैसे शून्य. पण पुढच्या महिन्यात त्यांच्या जावयाने टीव्ही माझ्याकडून घेतला. म्हणून फोनवर तीन प्रश्न विचारल्याशिवाय गाडी काढू नका. कोणत्या ॲपवर होतं? सगळ्या कार्यक्रमांत होतं का? बार वायरने आहे की ब्लूटूथने?

आता पैशांचं. त्रिमूर्तीनगरच्या काकांनी त्या दिवशी मला बळजबरी ३०० रुपये दिले. मी नको म्हणत होतो, बार तर माझ्याकडचा नव्हताच. ते म्हणाले, "तीन वेळा फुकट आला तुझा माणूस, काही झालं नाही. आज तू शोधलंस, त्याचे घे." तेव्हापासून माझ्याकडे व्हिजिटचे ३०० ठरलेले आहेत आणि ते फोनवरच सांगतो. हे पैसे दोष शोधायचे. वायर टाकणं, टीव्ही उतरवणं वेगळं. दोष ॲपचा निघाला आणि माझ्या हातात काही नसेल, तरी मी ३०० घेतो, कारण शोधायला गेलेला वेळ माझा आहे. इथे माझ्या बायकोचं मत वेगळं आहे, ती म्हणते काम झालं नाही तर अर्धे घे. तुम्ही तुमच्या भागाप्रमाणे ठरवा, पण दाराशी गेल्यावर ठरवू नका. आपण जोडून दिलेली जोडणी आपल्याच चुकीने बिघडली असेल तर मात्र एक पैसाही नाही.

नव्याने सुरू करणाऱ्यांना लागतं काय? बरी एचडीएमआय केबल दोन लांबीत, एक ऑप्टिकल केबल, स्टिकचा ॲडॅप्टर, टेस्टर आणि तुमची स्वतःची एक चालू स्टिक. ही शेवटची वस्तू सगळ्यात कामाची. ग्राहकाची काढून तुमची लावली, की दोन मिनिटांत कळतं दोष कुठे आहे. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, तिचे कोणाला पैसे देऊ नका. फक्त सेवेचं काम असेल तर वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, पण मालही विकणार असाल तर सीएला एकदा विचारा.

काम झालं, की एका साध्या कार्डावर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवा: कोणत्या पोर्टला काय आहे, आवाज पीसीएम की डॉल्बी, डिलेचा आकडा किती, गेम मोड बंद. खाली तारीख आणि तुमचा नंबर. काकांच्या टीव्हीमागे माझं कार्ड अजून आहे. यंदा उन्हाळ्यात नातू आला, गेम मोड लावला, आणि जाताना कार्ड बघून स्वतःच बंद करून गेला.