फेनेकला मराठीत काय म्हणाल?

‘झूटोपिया’ पाहिलाय ना? त्यात निक वाइल्डचा एक चिमुकला साथीदार आहे. भलेमोठे कान, निरागस चेहरा. निकचं तान्हं पोर असल्याचं बेमालूम सोंग करतो आणि मग तोंड उघडताच घोगरा, जाडाभरडा आवाज! त्याचं नाव फिनिक. या नावातच त्याची जात लपलीय : फेनेक.

फेनेक हा सहारा वाळवंटातला प्राणी. वजन जेमतेम एक ते दीड किलो, कान मात्र १५ सेंटीमीटरपर्यंत. अंगातली उष्णता त्या कानांतून बाहेर पडते आणि वाळूखाली सरपटणारा किडासुद्धा त्यांना ऐकू येतो. तळपायांनाही केस असतात, म्हणजे तापल्या वाळूवर चटके नाहीत.

शब्द मूळचा अरबी, ‘फनक’. अरबी व्यापारात लोकरीसारखी मऊ कातडी मिळणाऱ्या लहान प्राण्यांसाठी तो वापरात होता. इंग्रजीत तो रुळवण्यात मोठा हात जेम्स ब्रूस या स्कॉटिश प्रवाशाचा. अल्जीयर्समध्ये वकिलातीत असताना त्याने हा प्राणी पाहिला आणि १७९० साली आपल्या प्रवासग्रंथात त्याचं वर्णन केलं. गंमत म्हणजे, त्याआधी फ्रेंच निसर्गतज्ज्ञ ब्यूफाँने याच प्राण्याची नोंद चक्क ‘अनामिक प्राणी’ अशी केली होती!

आता वापराकडे या. इंग्रजीत नुसतं ‘फेनेक’ म्हटलं तरी पुरतं. ‘फेनेक फॉक्स’ हा आपला पिवळा पीतांबर झाला. (‘सहारा वाळवंट’सुद्धा त्यातलाच प्रकार, अरबीत ‘सहरा’ म्हणजेच वाळवंट.) आणि ‘डेझर्ट फॉक्स’ लिहिताना जरा जपून. इतिहासाच्या पुस्तकात हे नाव जर्मन सेनापती रोमेलचं असतं. डिसेंबर १९९८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने इराकवर जे हवाई हल्ले केले, त्या मोहिमेचं नावही तेच. स्पोर्ट्सच्या पानावर ‘द फेनेक्स’ दिसलं, तर ती १९९० आणि २०१९ मध्ये आफ्रिकन कप जिंकणारी अल्जेरियाची फुटबॉल टीम. फेनेक नावाचं हेलिकॉप्टरही आहे. आपल्या लष्करासाठी अशी १९७ हेलिकॉप्टरं घ्यायचं चाललं होतं. तो व्यवहार २००७ मध्ये रद्द झाला. आणि माल्टाला गेलात, हॉटेलात ‘फेनेक’ दिसला, तर दचकू नका. माल्टीज ही अरबीतूनच घडलेली भाषा, पण तिथे फेनेक म्हणजे ससा. सशाचा रस्सा ही तिथली खासियत.

या शब्दाची मला सर्वांत आवडणारी जागा मात्र वेगळी आहे. डिसेंबर १९३५ मध्ये लेखक आणि वैमानिक आंत्वान द सँतेक्झ्युपेरी याचं विमान लिबियाच्या वाळवंटात कोसळलं. तो आणि त्याचा मेकॅनिक वाचले, पण जवळ पाणी जवळपास नव्हतंच. तशा अवस्थेत हा माणूस वाळूतल्या फेनेकच्या पाऊलखुणांमागे निघाला. मध्ये मध्ये सुकी, बुटकी झुडपं होती आणि त्यांच्या फांद्यांवर बारक्या गोगलगाई. त्याच्या लक्षात आलं, की फेनेक प्रत्येक झुडपापाशी थांबत नाही आणि जिथे थांबतो तिथेही सगळ्या गोगलगाई फस्त करत नाही. शेजारशेजारच्या दोन तर कधीच नाही. सगळ्या खाल्ल्या, तर उद्या काय? तहानेने जीव चालला असताना हे टिपणारी नजर काय असेल! पुढे १९४३ मध्ये त्याचं ‘द लिटल प्रिन्स’ प्रसिद्ध झालं. त्यात राजपुत्राशी मैत्री करणाऱ्या प्राण्याला त्याने फ्रेंचमधला ‘फॉक्स’साठीचा साधा शब्दच वापरलाय, पण स्वतः काढलेल्या चित्रातले कान बघा. फेनेकच!

मग मराठीत काय लिहायचं? ‘वाळवंटी कोल्हा’ पटकन सुचतं, पण ते चूक. कोल्हा म्हणजे जॅकल. फॉक्सला आपल्याकडे खोकड हा छान शब्द आहे. इसापाची द्राक्षं आपण कोल्ह्याला आंबट करून दिली, तिथपासून खोकड मागे पडलं. बरं, ‘वाळवंटी खोकड’ म्हणावं, तर ते नाव कच्छ आणि थरमध्ये राहणाऱ्या, शेपटीला पांढरा गोंडा असलेल्या वेगळ्याच प्राण्याला शोभतं. तेव्हा फेनेकला फेनेकच म्हणा. अरबीतून आलेले शब्द मराठीला नवे नाहीत.

खोकड शब्द मात्र अडगळीत टाकू नका. ते महाराष्ट्रातल्या माळरानांवर राहतं आणि ही माळरानं सरकारी कागदावर बऱ्याचदा ‘पडीक जमीन’ असतात. तिथे सोलर पॅनल किंवा प्लॉटिंग आलं, की कोण बेघर झालं हे सांगायला निदान नाव तरी हवं. ‘कोल्हे काय, सगळीकडे असतात’ म्हणून विषय संपतो. खोकड मात्र सगळीकडे नसतं.

सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर गेलात, तर ओळख सोपी आहे. कोल्हा आठ-दहा किलोचा, रुबाबात चालणारा. खोकड त्याच्या निम्म्याहून कमी, सडपातळ, झुपकेदार शेपूट आणि तिचं टोक काळं. फेनेकच्या शेपटीचंही टोक काळंच असतं.